मागच्या पानावरचा हिशोब

या वेळचं पत्र एका बहिणीचं आहे. वय ४१, नोकरी करते, मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल घेते. पत्र बरंच मोठं होतं, तिला विचारून थोडं छाटलंय.

"जय ख्रिस्त ताई. मला अहोजाहो नका करू, तूच म्हणा. गेली पंधरा-सोळा वर्षं मी प्रभूमध्ये मनापासून चालायचा प्रयत्न करतेय, पण हल्ली मला माझीच भीती वाटायला लागलीय. मंडळीतल्या एका बाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा मी ऑफिस करून तीन आठवडे रात्री त्यांच्याजवळ दवाखान्यात झोपायला जात होते. त्या बऱ्या झाल्या आणि चार जणींसमोर म्हणाल्या की हिला पुढेपुढे करायची हौसच आहे. ऑफिसमध्ये एका खोट्या बिलावर सही करायला मी नाही म्हटलं, तर आता मला मीटिंगला बोलवत नाहीत, आणि ज्याने सही केली त्याला प्रमोशन मिळालं. धाकटा दीर दर दोन-तीन महिन्यांनी पैसे मागतो, परत कधीच देत नाही, आणि आपण ख्रिस्ती आहोत म्हणून मला नाही म्हणता येत नाही. सगळे म्हणतात, देवावर भरवसा ठेव आणि चांगलं करत राहा. करतेच आहे मी. पण ताई, बाहेरून हसते आणि आतून नुसती धगधगते. मागच्या रविवारी मुलांना आत्म्याच्या फळाचा धडा घेताना 'चांगुलपणा' या शब्दावर आले आणि पुढे बोलताच येईना. पाणी पिऊन येते म्हणाले आणि बाहेर गेले. माझा चांगुलपणा संपलाय का? की तो कधी नव्हताच, नुसतं नाटक होतं? आणि देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं करायचं काय, हे मला कुणीतरी सांगा."

जय ख्रिस्त गं.

आधी एक सांगते, तू बाहेर जाऊन पाणी प्यायलीस ते बरं केलंस. तोंडाने एक आणि पोटात एक असं करून धडा रेटला असतास तर पोरांना कळलं असतं, पोरांना सगळं कळतं, फक्त ती बोलत नाहीत. आणि नाटक करणाऱ्या माणसाचा आवाज त्या शब्दावर अडकत नाही, त्याला तो शब्द एकदम सोपा जातो. त्यामुळे नाटकाची भीती तू आत्ताच सोडून दे. प्रॉब्लेम आहे, नाही असं नाही, पण तो दुसरा आहे.

तू 'धगधगते' हा शब्द लिहिलास ना, त्यावर मी बराच वेळ थांबले. सगळे तुला जे वाक्य ऐकवतात, देवावर भरवसा ठेव आणि चांगलं कर, ते बायबलमधल्या ३७व्या स्तोत्राच्या तिसऱ्या ओवीत आहे. पण लोक तिसऱ्या ओवीपासून सुरू करतात, पहिली कुणी वाचतच नाही. पहिल्या ओवीत म्हटलंय की वाईट करणाऱ्यांवरून जळफळू नकोस, आणि मूळ हिब्रूत तिथे जो शब्द आहे त्याचा मुळातला अर्थ तापणं, पेटणं असा आहे, म्हणजे स्वतःला तापवून घेऊ नकोस असं जवळजवळ शब्दशः. आणि हे एकदा सांगून भागलं नाही, पहिल्या, सातव्या आणि आठव्या ओवीत, तीनदा सांगितलंय. तीनदा कधी सांगावं लागतं, जेव्हा समोरचा ऐकत नसतो तेव्हा! म्हणजे हे स्तोत्र थंड डोक्याच्या संतासाठी नाहीच, ते तुझ्यासारख्या आतून पेटलेल्या माणसासाठी आहे. लिहिणारा म्हातारा आहे, स्वतःच पुढे सांगतो की मी तरुण होतो आता म्हातारा झालोय, म्हणजे त्याने आयुष्यभर खोट्या सह्या करणाऱ्यांची प्रमोशनं बघितलेली असणार. तर आधी दुसऱ्याचं बघून पेटलेल्याला तो 'पेटू नको' म्हणतो, आणि मग सांगतो, भरवसा ठेव आणि चांगलं कर. त्याच क्रमाने. आपण काय करतो, पेटलेले असतो तसेच चांगलं करत सुटतो, वर कुणी विचारलं की 'प्रभूची कृपा' म्हणतो, आणि मग एक दिवस आवाज अडकतो.

आता माझी एक गोष्ट सांगते, फारशी अभिमानाची नाहीये.

माझ्याकडे एक छोटी डायरी होती, पर्समध्ये मावणारी. मागच्या पानावर मी प्रार्थनेची यादी करायचे, कोण आजारी, कुणाच्या घरी मयत झालीय, कुणाच्या मुलाला नोकरी नाही. भेटून आले की नावापुढे टिक. इथपर्यंत छानच. पुढे कधीतरी, कधी ते मला आठवत नाही, त्या टिकच्या शेजारी मी दुसरी एक खूण करायला लागले, त्या माणसाने माझ्यासाठी काही केलं का त्याची. केलं असेल तर टिक, नसेल तर आडवी रेघ. कुणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप करायला लागला. मग माझं ऑपरेशन झालं. आठवडा झाला, घरी फोन येत होते, पण येऊन बसलं असं कुणी नाही, आणि मी मुलीला ती डायरी आणायला लावली आणि पलंगावर पडल्या पडल्या रेघा मोजल्या. अगं खरंच मोजल्या, बोट ठेवून. सतरा रेघा. मोजून झाल्यावर मला जे वाटलं ते दुःख नव्हतं, तो एक प्रकारचा आनंद होता, बघा मी म्हणत नव्हते, अशा टाइपचा. तो आनंद आठवला की अजून अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवशी एक बाई आल्या ज्यांचं नाव त्या पानावर कुठेच नव्हतं. मी त्यांच्यासाठी कधी काही केलेलं नव्हतं, मंडळीत शेवटच्या बाकावर बसतात आणि उपासना संपली की निघून जातात एवढीच ओळख. बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या, आणि मग म्हणाल्या नेलकटर कुठंय. टाक्यांमुळे मला वाकता येत नव्हतं त्यामुळे पायाची नखं वाढून चादरीत अडकत होती, घरातल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं आणि मला सांगायची लाज वाटत होती. त्यांनी खाली पेपर अंथरला, माझा पाय मांडीवर घेतला आणि एकेक नख कापलं, करंगळीचं जरा आत गेलेलं होतं ते हळू कापलं, पेपरची घडी करून टाकून आल्या, हात धुतले. मी म्हटलं अहो कशाला. तर म्हणाल्या, "वाढलेली दिसली." बस, एवढंच.

दिसली. मी अडकले ती त्या शब्दावर. त्यांना माझी नखं दिसली कारण त्यांचं लक्ष मोकळं होतं. मी कुणाकडे गेले असते तर मला नखं दिसली नसती गं, मला मी आलेय हे दिसलं असतं.

तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. तुझा चांगुलपणा संपलेला नाही, तो उधारीवर चाललाय. तू चांगलं करतेस आणि त्याची वसुली माणसांकडून होईल असं आत कुठेतरी धरून चालतेस, पैशाची नाही, कौतुकाची, किमान आठवणीची. आणि माणसं उधारी बुडवतातच. काही वाईट असतात म्हणून बुडवतात, पण बऱ्याच वेळा त्यांना आपण उधार घेतलंय हेच माहीत नसतं, कारण तू 'फुकट आहे' म्हणून दिलेलं असतं.

लूकच्या १५व्या अध्यायात उधळ्या मुलाचा दाखला आहे, धाकटा बापाचे पैसे उडवून परत येतो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी देतो, त्यातल्या मोठ्या भावाला आपण नेहमी पटकन उरकतो, खडूस म्हणून. पण त्याचं वाक्य बघ, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, तुमची एकही आज्ञा मोडली नाही, आणि तुम्ही मला एक करडूसुद्धा दिलं नाहीत. वर्षं मोजलेली, आज्ञा मोजलेल्या, न मिळालेलं करडू मोजलेलं! त्याच्याही मागच्या पानावर रेघा होत्या. आणि बाप त्याला रागवत नाही हे विसरू नकोस, बाप बाहेर येतो, जसा धाकट्यासाठी धावत गेला तसा याच्यासाठी मेजवानी सोडून अंगणात येतो आणि म्हणतो, बाळा, तू कायम माझ्याजवळ आहेस आणि माझं ते सगळं तुझंच आहे. म्हणजे ज्याचं सगळं घर आहे तो एका करडूसाठी बाहेर रुसून उभा आहे. पुढे तो आत गेला की नाही ते येशूने सांगितलेलंच नाही, गोष्ट तिथेच सोडलीय. मला पूर्वी वाटायचं ती अर्धवट आहे.

आता भरवसा. आपण म्हणतो भरवसा 'ठेवतो', आणि बघ ना, ठेव पण ठेवतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात, ४:१९ मध्ये, छळ सोसणाऱ्या लोकांना लिहिताना पेत्र म्हणतो की त्यांनी चांगलं करत राहावं आणि आपला जीव विश्वासू निर्माणकर्त्याच्या हवाली करावा. तिथला ग्रीक शब्द एखाद्या खात्रीच्या माणसाकडे आपली चीज सांभाळायला सोपवणं या अर्थाचा आहे, आणि वधस्तंभावर येशू 'बापा, मी माझा आत्मा तुझ्या हाती सोपवतो' म्हणाला तिथेही लूकने तोच शब्द वापरलाय. म्हणजे चांगलं करणं आणि सोपवणं ही एकाच वाक्यातली दोन कामं आहेत. एक हात देतो, दुसरा हात त्याचा हिशोब देवाकडे ठेवतो. दुसरं केलं नाही तर पहिलं काही वर्षं चालतं, मग आतून जळायला लागतं. तुझं ते झालंय, माझं झालं होतं.

तू म्हणशील ताई हे ऐकायला गोड आहे, पण सोपवायचं म्हणजे कसं, डोक्यातून जात नाही ना ते. बरोबर आहे, जात नाही. मला कुणी 'विसरून जा' म्हणालं की माझा संताप होतो, विसरणं ही काय बटण दाबायची गोष्ट आहे का. आणि बायबलही विसर म्हणत नाही. नहेम्याचं पुस्तक काढ. यरुशलेमचा कोट ५२ दिवसांत बांधून घेतला त्याने, बारा वर्षं सुभेदार होता पण सुभेदाराचा हक्काचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच ओझं होतं, आणि हे सगळं तो स्वतःच लिहून ठेवतो, अगदी रोज त्याच्या पंगतीला किती माणसं बसायची तेही, १५० आणि वर पाहुणे. म्हणजे हिशोब त्यानेही ठेवलाय, चोख! पण प्रत्येक वेळी त्या हिशोबाच्या शेवटी काय लिहितो, 'हे माझ्या देवा, माझी आठवण ठेव'. एकदा पाचव्या अध्यायाच्या शेवटी आणि तीनदा तेराव्या अध्यायात, आणि पुस्तक संपतं तेही त्याच वाक्यावर. मला हे फार माणसातलं वाटतं. त्याला कुणीतरी आठवण ठेवायला हवीच होती, फक्त त्याने ती अपेक्षा लोकांच्या गळ्यात घातली नाही, जो विसरत नाही त्याला सांगितली.

म्हणून मी डायरी फाडली नाही. पान बदललं. आता जे केलं आणि जे खुपलं ते मी लिहिते आणि शेवटी नहेम्याचं ते वाक्य लिहिते. कधीकधी दातओठ खात लिहिते, चालतं. ३७व्या स्तोत्राच्या पाचव्या ओवीत 'आपला मार्ग परमेश्वरावर सोपव' असं आहे ना, तिथे मूळ शब्द लोटणं, गडगडत नेणं असा आहे, जसा जड धोंडा लोटतात. उचलून अलगद ठेवायला सांगितलंच नाहीये. ढकल, थांब, परत ढकल.

या सगळ्यात मला बर्णबाची फार आठवण येते. प्रेषितांची कृत्ये ११:२४ मध्ये त्याच्याबद्दल लिहिलंय की तो चांगला माणूस होता, आणि पवित्र आत्म्याने व विश्वासाने भरलेला होता. चांगुलपणा आणि विश्वास एकाच ओळीत. पौलाबद्दल एवढं लिहिलंय, पण 'चांगला माणूस होता' असं साधं वाक्य बर्णबाच्या वाट्याला आलंय. खरं नाव योसेफ, कुप्र (सायप्रस) बेटावरचा, लेवीच्या कुळातला, बर्णबा हे प्रेषितांनी ठेवलेलं नाव, धीर देणारा अशा अर्थाचं. शौल, म्हणजे पुढचा पौल, नवा नवा विश्वासात आला तेव्हा यरुशलेममधले सगळे शिष्य त्याला घाबरत होते, तेव्हा बर्णबाने त्याचा हात धरून प्रेषितांकडे नेलं आणि त्याच्या वतीने बोलला. पुढे अंत्युखियात काम वाढलं तर हा स्वतः तार्सला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. आता मजा बघ, तेव्हा पुस्तकात 'बर्णबा आणि शौल' असं येतं. तेराव्या अध्यायात प्रवास सुरू होतो आणि अध्याय संपेपर्यंत 'पौल आणि बर्णबा' व्हायला लागतं. ज्याला हाताला धरून आणलं तो नावात पुढे गेला. बर्णबाला काय वाटलं ते कुठे लिहिलेलं नाही. पण नंतर त्या दोघांचं जोरदार भांडण झालं ते मात्र लिहिलंय, आणि भांडण स्वतःच्या मानपानावरून नव्हतं, मार्कवरून होतं, जो पहिल्या प्रवासात अर्ध्यातून पळाला होता. पौल म्हणाला याला नको, बर्णबा म्हणाला घेऊया, आणि मार्कला घेऊन कुप्रला निघून गेला. पुढे कित्येक वर्षांनी पौलच तीमथ्याला लिहितो, मार्कला घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे. म्हणजे बर्णबाचं बरोबर निघालं! पण त्या ओळीत बर्णबाचं नाव नाही. तुझं नाव मीटिंगच्या लिस्टमध्ये नाही तेव्हा ही ओळ आठव, दुसरे तीमथ्य ४:११.

आणि हाच बर्णबा एकदा घसरलाही, गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो की अंत्युखियात बाकीचे लोक ढोंग करायला लागले तेव्हा बर्णबासुद्धा त्यांच्यात ओढला गेला. हे मुद्दाम सांगतेय, कारण तू एका वाईट महिन्यावरून 'माझ्यात कधी काही नव्हतंच' इथपर्यंत पोचलीस. एवढी घाई करू नकोस.

आता तुझ्या तीन गोष्टी.

ऑफिसचं आधी, कारण तिथे तू चूक काहीच केलेली नाहीस. तिथे 'देवावर भरवसा' म्हणजे गप्प बसून सहन करणं असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता फटके मारले, तुरुंगात टाकलं, आणि सकाळी अधिकारी म्हणाले जा आता निमूट. पौल म्हणाला, नाही, आम्ही रोमी नागरिक, सगळ्यांसमोर मारलंत आणि आता गुपचूप घालवता काय, स्वतः येऊन बाहेर काढा. आणि आले ते! तेच दोघे मध्यरात्री त्याच तुरुंगात स्तोत्रं म्हणत होते बरं का. स्तुती पण केली आणि हक्क पण सांगितला. तू पण तुझ्याकडचे मेल जपून ठेव, सही का केली नाही ते एका साध्या मेलमध्ये लिहून ठेव, मीटिंगला का बोलवत नाही ते वरिष्ठांना सरळ विचार, चेहरा पाडून नाही, नॉर्मल आवाजात. दुसरी नोकरी बघावीशी वाटली तर बघ, तो अविश्वास नाही. आणि प्रमोशन मिळालेल्या माणसाचं प्रोफाइल उघडून बघणं बंद कर, तू बघत असणारच, मला माहितेय.

दीर. इथे मी जरा कडक बोलणार आहे. 'चांगलं करताना थकू नका' हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो ना, ते दोन पत्रांत येतं. त्यातलं थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रातलं काढून आधीच्या ओव्या वाच. ३:१० मध्ये पौल म्हणतो ज्याला काम करायचंच नाही त्याने खाऊ पण नये, मग काही जण काम न करता नुसते लुडबुड करत फिरतात म्हणतो, त्यांनी स्वतःचं कमावून खावं म्हणतो, आणि लगेच पुढे, ३:१३, तुम्ही मात्र चांगलं करताना थकू नका. एका दमात दोन्ही! म्हणजे फुकट्याला नाही म्हणणं आणि चांगलं करत राहणं यांचं आपसात भांडण नाही, उलट नाही म्हणत नाहीस म्हणूनच थकतेस. आता तुझा दीर काम टाळतो की खरंच अडचणीत आहे हे मला पत्रावरून कळत नाही, ते तुला आणि तुझ्या नवऱ्याला माहीत. पण तू पैसे देतेस ते विश्वासाने देत नाहीस, लोक काय म्हणतील या भीतीने देतेस, आणि भीतीने दिलेल्याला चांगुलपणा म्हणू नये. तर नवऱ्याशी आधी बसून बोल, भावाला उत्तर त्याने द्यायला हवं, तू का देतेयस? आणि ठरवा, उधार द्यायचं नाही. द्यायचं असेल तर जेवढं गेलं तरी झोप लागेल तेवढं द्यायचं, परत नको असं तोंडावर सांगून, आणि ते जमणार नसेल तर नाही म्हणायचं. शोमरोनी माणसाची गोष्ट तू शंभरदा सांगितली असशील, वाटेत लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाच्या त्याने जखमा बांधल्या, सरायवाल्याला दोन दिनार दिले, म्हणजे तेव्हाच्या मजुराची दोन दिवसांची मजुरी, वर जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या वाटेने गेला. तिथे महिनाभर राहिला नाही. पुढचं सरायवाल्यावर सोपवलं. चांगलं करणाऱ्याला स्वतःचा प्रवास असतो, हे त्या गोष्टीत अगदी स्वच्छ आहे आणि आपण ते कधी शिकवत नाही.

आणि त्या बाई. त्यांनी चार जणींत असं बोलायला नको होतं, वाईटच बोलल्या. पण तुला एक विचारू का, राग मानू नकोस. तीन आठवडे रोज रात्री, हे त्यांनी मागितलं होतं का? की तू ठरवलंस? त्यांच्या घरचं कुणी येऊ शकत होतं का, आणि तू आहेस म्हणून ते आले नाहीत असं झालं का? आजारी माणसाला दिवसरात्र कुणाचे तरी उपकार घेत पडून राहावं लागतं ना, तेव्हा त्याला त्या उपकाराचाच राग येतो. मला यायचा. मी माझ्या मुलीवर ओरडायचे. कदाचित त्या बाईंना तू सेवा करतेयस यापेक्षा तू थकलीयस, उपकार करतेयस, हे जास्त दिसत असेल. आजारी माणसाला पडून पडून दुसरं काम काय, तो चेहरे वाचत बसतो. म्हणजे त्यांच्या बोलण्यातला शंभरातला दहा भाग खरा असेल तर तो दहा भाग घे, बाकीचा नव्वद नहेम्याच्या पानावर लिही. मत्तय १८:१५ मध्ये येशू म्हणतो भाऊ चुकला तर एकट्याने जाऊन त्याला सांग. आधी चार जणींना नाही, पाळकसाहेबांना नाही, ग्रुपवर स्टेटस टाकून नाही. एकटीने.

राहिलं तुझं सोमवार सकाळचं. देवावर भरवसा ही काही दिवसभर अंगात चढवून ठेवायची भावना नाही, मला तरी ती सलग दोन तास पण टिकत नाही. माझ्यापुरतं ते छोट्या छोट्या हवाली करण्यांचं काम आहे. सकाळी उठल्यावर मी एकच मागते, प्रभू आज मला कुणाचं काय वाढलंय ते दिसू दे. आणि जे दिसेल त्यातलं एक करते. सगळी नाही, एक. लिफ्टमध्ये नवीन मुलगी घाबरून उभी असते, तिचं नाव विचारायचं, एवढं पण असतं ते. करून झालं की मनातल्या मनात म्हणते, हे तुझ्याकडे ठेवलं. रात्री परत ते सगळं डोक्यात येतं, तिला थँक्यू म्हणायला काय झालं होतं वगैरे, तेव्हा परत म्हणते, ठेवलंय तुझ्याकडे. काही रात्री दहा-बारा वेळा म्हणावं लागतं. त्यात काही चुकत नाहीये तुझं, ठेव ठेवायचीच अशी पद्धत आहे.

आणि वहीत दुसरी एक बाजू उघड. जॉर्ज म्युलरची गोष्ट तू मुलांना सांगितली असशील, ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवणारा, लोकांकडे पैसे न मागता फक्त देवाला मागायचा, १८९८ साली वारला तोपर्यंत दहा हजारांवर मुलं त्या घरांत वाढली. आपण नेहमी चमत्काराचं सांगतो, पण तो हिशोबाला किती पक्का होता ते सांगत नाही. आलेल्या देणग्या लिहून ठेवायचा, वर्षाचा अहवाल छापायचा, आणि मागितलेली प्रार्थना आणि मिळालेलं उत्तर हे पण लिहून ठेवायचा. म्हणजे वही त्याचीही होती, फक्त तिच्यात 'मी काय दिलं' नाही, 'मला काय आलं' हे होतं. मी माझ्या त्या पानाच्या उलट बाजूला हे सुरू केलं, आणि पहिली नोंद नखांची केली.

संडे स्कूल या रविवारी सोडू नकोस. धडा अर्धा राहिलाय तो पूर्ण कर, पण आत्म्याचं फळ म्हणून नऊ नावं पाठ करून घेऊ नकोस, बर्णबाची गोष्ट सांग, भांडणासकट. पोरांना भांडण आवडतं.

दिराचं काय ठरलं ते मला नक्की लिही. आणि त्या बाईंना फोन करून भेटायला जा. मेसेज नको. मेसेजमध्ये तू काहीही लिहिलंस तरी त्या तो रागातच वाचतील.

तुझी ताई